मागच्या बाजूचं भगदाड

सेक्रेटरींना त्या भगदाडातून आत शिरायचं म्हणजे रोजचा एक सोहळाच असे. आधी काठी आत जायची, मग उजवा पाय, मग मान वाकवून खांदे आणि सगळ्यात शेवटी तो दुखरा डावा पाय, तोही मांडीला हाताने धरून उचललेला. तेवढा वेळ मागे कामावर निघालेली माणसं खोळंबून राहत आणि त्यातला एखादा हमखास विचारी, "सेक्रेटरीसाहेब, ही भिंत कुणी हो बांधली?" सेक्रेटरी ऐकू न आल्यासारखं करत. भिंत त्यांनीच बांधून घेतली होती. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून.

आत शिरलं की दोन नंबरचा फलाट. तिथे बाक होतं, पण सेक्रेटरी बसत नसत. बसलं की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि या फलाटावर कुणाचा हात मागायची त्यांना सोय नव्हती. खांबाला टेकून ते समोर बघत राहत. समोर रुळांच्या पलीकडे एक नंबरचा फलाट, त्यावर पाण्याचा नळ, आणि नळाशेजारच्या बाकावर नातवंडांना शाळेत सोडून आलेली त्यांची बायको.

हाक मारली तर पोचेल एवढंच अंतर. पण बायकोला कमी ऐकू येई, आणि वर कर्ण्याची बडबड अखंड चालू. त्यामुळे दोघांचा सगळा संसार हातवाऱ्यांवर आला होता. ती तळहातावरून तोंडात काहीतरी टाकल्यासारखं करी, म्हणजे गोळ्या घेतल्या का? सेक्रेटरी मान हलवत. ती गुडघ्याला हात लावी. सेक्रेटरी पंजा डावीउजवीकडे हलवून दाखवत, म्हणजे चाललंय आपलं. मध्ये गाडी आली की दोघंही थांबत. गाडी गेली की आधी समोरचं माणूस जागेवर आहे ना ते बघत आणि मग राहिलेलं बोलणं पुढे सुरू करत. थोड्या वेळाने तिची दुकानाकडे जायची वेळ होई. ती उठे, निळी शाल सारखी करी आणि एकदा वळून बघून जाई.

नवरा-बायको एकाच गावातले, एकाच स्टेशनचे, आणि भेटीगाठी अशा. हे असं का झालं ते कळायला स्टेशनचा इतिहास थोडा सांगावा लागेल, आणि तो सांगताना सेक्रेटरींना टाळून पुढे जाता येत नाही.

सुरुवातीला हे स्टेशन म्हणजे एक शेड आणि एक कंदील होता. कुणी झेंडी दाखवली तर गाडी थांबायची, नाहीतर शिटी मारून निघून जायची. मग दुसरा मार्ग आला, दुसरा फलाट आला, तिकीटघर आलं. रस्ता ज्या बाजूला होता तिकडेच सगळं उभं राहिलं. ती झाली पुढची बाजू. मागे दलदल आणि झुडपं होती. तिथे माणसं राहायला येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण माणसं आली. आधी झोपड्या, मग बैठी घरं, मग इमारती. आता मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा दुप्पट वस्ती आहे, आणि तिला आजही लोक "मागची बाजू" म्हणतात, तेही जरा नाक मुरडूनच.

सेक्रेटरींचं चपलांचं दुकान पुढच्या बाजूला, तिकीटघराच्या तोंडाशी. व्यापारी संघाचे ते सेक्रेटरी झाले तेव्हा केस काळे होते. ते पांढरे झाले, गळाले, तरी सेक्रेटरी तेच. चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. फलाटावरचं छप्पर त्यांनी आणलं. नळ त्यांनी आणला. सकाळची जलद गाडी इथे थांबते ती त्यांच्यामुळे. त्यासाठी त्यांनी मोठ्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाईही त्यांच्याच दुकानातली चप्पल घालू लागला. बोलायला उभे राहिले की समोरचा साहेब पेन खाली ठेवून ऐके.

पण पूलही त्यांनीच आणला, आणि तिथेच सगळी मेख आहे. नकाशात पूल सरळ मोठ्या रस्त्यावर उतरत होता. सेक्रेटरींनी तो वळवून घेतला. एक जादा जिना लावून, उलटा फिरवून, बरोबर बाजाराच्या गल्लीत आणि बरोबर आपल्या दुकानासमोर उतरवला. मागच्या बाजूच्या प्रत्येक माणसाला तिकीट काढायला पूल चढून यावं लागे, आणि आला की आधी चपला दिसत. "पूल चढून-उतरून चपला झिजतात, त्या आमच्याकडे मिळतात," असं ते हसत हसत सांगत, आणि ऐकणाराही हसे. खाली सबवे काढायची गोष्ट तीनदा निघाली. सबवे झाला असता तर मागची माणसं बाजाराला वळसा न घालता सरळ निघून गेली असती. तिन्ही वेळा सेक्रेटरींनी सभेत उभं राहून तो गाडला. लिफ्टसाठी एकदा खड्डा खणला गेला. त्यात आता कागदी कप टाकतात.

मागच्या लोकांनी मग भिंतच फोडली. सरळ दोन नंबरवर यायला एक भगदाड पाडलं. संघाने तक्रार केली, गवंडी आला, भिंत बांधली. लोकांनी पुन्हा फोडली. पुन्हा बांधली. पुन्हा फोडली. तोपर्यंत सेक्रेटरींचा पाय मोडला होता.

ते पडले तेही काही पराक्रम करताना नाही. न्हाणीघरात साबणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण घर दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसाचाही घाम निघावा. दुकानामागे तळमजल्यावर गोदाम होतं, पण त्यात माल. मुलगा म्हणाला, "बाबा, माल कुठे टाकू? थोडे दिवस ताईकडे राहा." लेकीचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. सून गल्ल्यावर बसायची, नातवंडं लहान, म्हणून बायको मुलाकडेच राहिली. कुणीच वाईट वागलं नाही. थोडे दिवस म्हणाले होते, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

पहिल्या पहिल्यांदा ती पूल चढून यायची. मग तिला धाप लागू लागली आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. घरचा जिना तेवढा राहिला, कारण तो बंद करायचा तर राहायचं कुठे? मोटारीने यायचं तर उड्डाणपुलावरून लांबचा वळसा. मुलगा आधी दर सुट्टीला व्हॅन काढायचा, मग सणासमारंभाला, मग व्हॅन कायमच मालाला लागली. शेवटी सेक्रेटरींनी एके दिवशी ते भगदाड बघितलं, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं, आणि पोट आत घेऊन शिरले.

स्टेशनला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती तेव्हा मुलगा अचानक लेकीकडे आला. हातात फळांची पिशवी होती. एरवी तो फोनवरसुद्धा घाईत असे.

"बाबा, पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठरलाय. सगळ्या संघाने एकमताने ठरवलं."

"माझा? अरे, मी आता कुठल्या संघात आहे?"

"असं कसं? स्टेशन तुम्हीच उभं केलंत असं सगळे म्हणतात."

सेक्रेटरी सुखावले. दोन वर्षं त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं, भगदाडाचा टोमणा सोडला तर. पण ते व्यापारी होते. फळं कशाची आहेत ते त्यांनी ओळखलं.

"बरं. आता खरं काय ते बोल."

मुलगा खुर्ची ओढून जवळ बसला. "पुन्हा सबवेचं निघालंय. मोठा साहेब येणार आहे. या वर्षी एकच काम होईल म्हणतो. एक तर सबवे, नाहीतर पुढच्या बाजूचं सुशोभीकरण. लोकांचं ऐकून तिथेच ठरवणार. तुम्ही दोन शब्द बोला."

"आता सेक्रेटरी तू आहेस. तू बोल."

"मी बोललो तर लोक म्हणतात, दुकानदार आपल्या पोटाचं बघतोय."

"मग मीही तेच बघत होतो."

"हो, पण तुम्ही बोलताना तसं वाटायचं नाही ना, बाबा."

सबवे झाला तर काय होईल ते सेक्रेटरींना कुणी सांगायची गरज नव्हती. उताराचा रस्ता असणार, पायऱ्या नाहीत. काठी टेकत टेकत ते सरळ पलीकडे जाऊ शकले असते आणि ती इकडे येऊ शकली असती. पण सरकारी सबवे कसा होतो हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आज मंजूर झाला तर खोदायला सुरुवात कधी, खोदला तर पाणी काढायचं कुणी, पाणी काढलं तर दिवे लावायचे कुणी. अर्धी हयात त्यांनी ही कामं रखडवण्यात घालवली होती.

"एका अटीवर बोलतो," ते म्हणाले. "गोदाम रिकामं कर. दोन खाटा टाक. तुझी आई आणि मी खाली राहू. तिलाही जिना चढायला नको."

मुलाने फळांची पिशवी बाजूला सारली. "माल कुठे टाकू?"

"ते तू बघ. दोन वर्षं मी बघितलं."

"बरं," मुलगा म्हणाला. "करतो. शब्द देतो."

तो गेल्यावर लेक आतून बाहेर आली. हात पुसत दारात उभी राहिली. "ऐकलं मी सगळं. बाबा, मी रोज तो पूल चढते. दोन्ही हातात सामान घेऊन."

"अगं, सबवे व्हायला किती वर्षं लागतील? तोवर मी असेन का?"

"तुमच्यानंतर आम्ही आहोतच ना."

सेक्रेटरी काठी चाचपू लागले. लेकीने विचारलं, "आईला सांगितलंत?"

"तिला काय सांगायचं? खाटा पडल्या की कळेलच. दुकानातलं घरात सांगायची मला सवय नाही."

आणि खरंच नव्हती. लग्न झाल्यापासून संघाचं, दुकानाचं, पुलाचं एक अक्षर त्यांनी घरात काढलं नव्हतं. रोज सकाळी ते खांबाला टेकून उभे राहत, ती गोळ्यांचं विचारी, ते मान हलवत. मनातल्या मनात ते गोदामात खाटा लावत होते. खिडकीशी तिची, दाराशी आपली. त्या दिवसांत ते इतके खुशीत होते की जावयालासुद्धा तो फरक दिसला.

कार्यक्रम एक नंबरच्या फलाटावर झाला. त्या दिवशी व्हॅन मोकळी होती. मुलाने वडिलांना उड्डाणपुलावरून फिरवून आणलं, हात धरून उतरवलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. स्टेशनमास्तरांनी इतिहास वाचून दाखवला. त्यात शेड होती, कंदील होता, नळ होता. सेक्रेटरींच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या. बायको बायकांच्या रांगेत बसली होती. दोन वर्षांत इतक्या जवळून त्यांनी तिला क्वचितच पाहिलं होतं. ती खूप वाळली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं तसं तिने तळहातावरून तोंडात टाकल्याची खूण केली, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या.

मग साहेबांनी लोकांना बोलायला सांगितलं. सबवे की सुशोभीकरण, कुणाला काय म्हणायचंय ते म्हणा. कुणी आधी उठेना. आणि मग जी उठली ती सेक्रेटरींची बायको.

सेक्रेटरींना वाटलं ती पाणी प्यायला उठली. ती सरळ माइकपाशी गेली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली, आणि आवाज एवढा मोठा आला की दचकून जरा मागे सरली. "पूल मला चढवत नाही. धाप लागते. माझे मिस्टर मागच्या बाजूला राहतात, त्यांचा पाय गेलाय. आम्ही रोज भेटतो, पण मध्ये गाडी येते. खालून रस्ता झाला तर मी सावकाश चालत जाईन. आमच्यासारखी म्हातारी माणसं दोन्हीकडे खूप आहेत, त्यांनीही मला बोलायला सांगितलंय. बाकी आम्हाला काही नको."

एवढंच. मागच्या बाजूच्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि पुढच्या बाजूच्याही बऱ्याच बायकांनी. साहेब मान हलवत होता. ती जागेवर येऊन बसली आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. पोरीने पहिला नंबर काढून घरी यावं आणि बापाकडे बघावं, तसं ते बघणं होतं. जो माणूस रोज भगदाडातून पोट आत घेऊन आपल्याला भेटायला येतो तो आपल्याच बाजूने बोलणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"आता आपले सेक्रेटरीसाहेब," मुलाने माइकवर सांगितलं.

काठी टेकत सेक्रेटरी उठले. तिने आधी सांगितलं असतं तर? पण तिने का सांगावं? त्यांनी तरी कुठे सांगितलं होतं? त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा नुसता उभा होता. सेक्रेटरींनी हिशेब केला: ती मागतेय ते मी तिला महिन्याभरात देतोय, सरकार देईल तेव्हा देईल. आज वाईट दिसेल, पण खाटा पडल्या की तिला कळेल. हिशेब चोख होता. आयुष्यभर त्यांचे सगळे हिशेब चोखच होते.

त्यांनी सुरुवात केली कंदिलापासून. झेंडी दाखवून थांबणारी गाडी, पहिलं छप्पर, जलद गाडीसाठी घातलेल्या खेपा. दोन वर्षं आत कोंडलेला आवाज मोकळा झाला. माणसं पुढे सरकून ऐकू लागली, साहेबाने पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवलेलं बघितलं आणि सेक्रेटरींच्या अंगात जुना सेक्रेटरी शिरला. खोदकामाने बाजार वर्षानुवर्षं बंद राहील, ते म्हणाले. सबवेत पाणी तुंबेल, अंधार होईल, लेकीबाळींना धोका होईल. टाळ्या पडल्या. आता राहिली होती फक्त बायको. तिचं बोलणं साहेबाच्या मनात बसलं होतं, ते उठवायला हवं होतं, आणि बसलेलं कसं उठवायचं ते सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं.

"आणि आमचं कुटुंब आत्ता बोललं," ते म्हणाले. "साहेब, एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी चार वाक्यं धड बोलली नाही. आणि आता तिला माझ्यापर्यंत पोचवायला सरकारने जमीन पोखरायची? अहो, मध्ये गाडी येते म्हणून तर आमचा संसार टिकलाय!"

फलाट हसला. साहेब हसला, स्टेशनमास्तर हसले, मागच्या बाजूची माणसंसुद्धा हसली. हसण्याची लाट आली तसे सेक्रेटरीही हसले, अगदी मान मागे टाकून, पूर्वी हसायचे तसे. त्याच भरात त्यांचं शेवटचं वाक्य आलं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक भाषणाचा शेवट त्याच वाक्याने करायची त्यांची सवय होती, आणि तोंडाने ते आपोआप उच्चारलं.

"आणि साहेब, दोन नंबरच्या भिंतीतल्या त्या भगदाडाचा एकदाचा बंदोबस्त करा!"

टाळ्या थांबता थांबेनात. खाली बसल्यावर सेक्रेटरींच्या लक्षात आलं आपण काय मागितलं ते. त्यांनी बायकांच्या रांगेकडे बघितलं. निळी शाल तिथे नव्हती.

सुशोभीकरण मंजूर झालं. मुलाने शब्द पाळला, हे त्याच्याबद्दल म्हणायलाच हवं. गोदाम रिकामं झालं, भिंतींना रंग लागला. चामड्याचा आणि गोंदाचा वास जाता जात नव्हता, तरी दोन खाटा पडल्या. खिडकीशी एक, दाराशी एक. सेक्रेटरी व्हॅनमधून आले, दाराशी बसले आणि वाट बघू लागले.

बायको खाली आली ती नातवंडांची दप्तरं घेऊन. ते म्हणाले, "अगं, बघ तरी." तिने दारातून बघितलं. "चांगलं आहे," म्हणाली, आणि पोरांना घेऊन शाळेच्या वाटेला लागली. परत आली ती तशीच जिना चढून वर गेली. मध्ये मध्ये थांबत गेली. प्रत्येक मजल्यावर तिचा श्वास खाली ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "मी माझं केलं, बाबा. आईचं मी काय करू? तिला मी दोनदा म्हटलं."

आणि रोज सकाळी पोरांना सोडून झालं की ती पूर्वीसारखीच स्टेशनवर जायची. नळाशेजारच्या बाकावर बसायची. समोर दोन नंबरवर आता कुणी येणार नव्हतं, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

एका सकाळी सेक्रेटरी तिच्या मागोमाग गेले. आता त्यांना पूल नको होता, भगदाड नको होतं. दुकानातून निघालं की तिकीटघर आणि आत एक नंबर. ते जाऊन तिच्या शेजारी बसले. ती सरकली नाही. तिच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. समोर दोन नंबरवर गवंडी कामाला लागला होता. जुनाच गवंडी, पाठीत वाकलेला. भगदाड कंबरेपर्यंत बुजलं होतं.

"मी तुझ्यासाठीच केलं ते," सेक्रेटरी तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "गोदाम मिळावं म्हणून. सबवे काय, झाला असता तेव्हा झाला असता."

"माहितेय. लेकीने सांगितलं."

"मग?"

ती समोरच बघत होती. "मला आधी सांगितलं असतंत तर मी उठलेच नसते. आयुष्यभर गप्प बसले, अजून एकदा बसले असते."

"चुकलं. सांगायला हवं होतं."

"ते राहू दे," ती म्हणाली. "लोक हसले त्याचंही काही नाही. लोक हसणारच. तुम्ही का हसलात?"

गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली, गाडी गेली. सवयीने दोघांनीही समोर बघितलं. समोर गवंडी पाटीत सिमेंट कालवत होता. सेक्रेटरी उत्तर शोधत होते. सभेत त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

तिने पिशवी उचलली आणि उठली.

"कुठे?"

"लेकीकडे. तुमची खाट रिकामी आहे तिथे."

"अगं, पूल आहे मध्ये! तुला चढवत नाही, धाप लागते तुला!"

"चढेन सावकाश."

ते तिच्या मागे गल्लीत गेले, त्यांच्याच दुकानासमोर, जिथे त्यांनी पूल उतरवून घेतला होता. ती कठडा धरून चढू लागली. चार पायऱ्या, मग थांबणं, मग परत चार. सेक्रेटरींनी उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, काठी ठेवली, आणि डावा पाय मांडीला धरून उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही. वर त्या जादा जिन्याच्या वळणावर ती वाकून, छातीवर हात ठेवून उभी होती. तो जिना नसता तर ती एव्हाना वर पोचली असती. "काकू, हात देऊ का?" कुणीतरी विचारलं. तिने मान हलवून नको म्हटलं आणि पुढच्या पायऱ्या चढायला घेतल्या. खाली वळून मात्र तिने एकदाही बघितलं नाही.

सेक्रेटरी पुन्हा एक नंबरवर आले. पलीकडची भिंत आता छातीपर्यंत आली होती. पुलावरून निळी शाल हळूहळू पलीकडे गेली, जिन्यावरून उतरली आणि भिंतीमागे दिसेनाशी झाली. लेकीच्या घराकडे जायची वाट भगदाडावरूनच होती. सेक्रेटरी फलाटाच्या कडेपर्यंत जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने भगदाडाच्या उरलेल्या तुकड्यात ती दिसली. नुसता चेहरा आणि शालीची कड. दम खात उभी होती, आणि इकडेच बघत होती. एवढी वर्षं गोळ्यांचं तीच विचारत आली होती. तिच्या गोळ्यांचं सेक्रेटरींनी कधीच विचारलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. तळहातावरून तोंडात काहीतरी टाकल्यासारखं केलं, आणि उत्तराची वाट बघत हात तसाच वर ठेवला.

ती बघत राहिली. मान हलली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. मग ती वळली आणि शालीची कड गेली.

हात अजून वरच होता. तो गवंड्याला दिसला. त्याने वीट खाली ठेवली, थापी हवेत उंचावली आणि तोंडभर हसत रुळांच्या पलीकडून ओरडला, "काळजी करू नका, सेक्रेटरीसाहेब! या खेपेला पक्कं करतोय. पुन्हा सांगायची वेळ येणार नाही तुमच्यावर!"